गाईच्या पोटातील खिळा आणि लोहचुंबकाच्या जाती



ह्या वेळी आम्ही लोहचुंबकाचा पाठ घेत आहोत. शेतीच्या आणि आरोग्याच्या पानावर लोहचुंबक कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, कोरगावातील कोणत्याही घरात मोजू गेल्यास आज आठ-दहा लोहचुंबक सहज निघतील. कपाटाच्या दारात, रेडिओच्या कर्ण्यात, स्कूटरच्या चाकामागे, मोबाइल फोनमध्ये, पंपाच्या स्टार्टरमध्ये ते बसलेले आहेत. पण जेथे एखादा असता तर घरचे मोठे नुकसान टळले असते, तेथे म्हणजे दुभत्या गाईच्या पोटात, तो बहुधा नसतो. दोन इंच तारेच्या तुकड्याने भरल्या दुधाची गाय आठ-पंधरा दिवसांत दगावते. त्या गोष्टीकडे आम्ही शेवटी सविस्तर येऊ. तत्पूर्वी ही वस्तू काय आहे, तिच्या जाती किती आणि कोणती कोठे वापरतात, ते पाहू. म्हणजे दुकानदार सांगेल ते मुकाट्याने घ्यावे लागणार नाही.

लोखंडाच्या आत अतिशय सूक्ष्म असे विभाग असतात आणि त्यांतील प्रत्येक विभाग हा स्वतः एक लहानसा चुंबकच असतो. साध्या लोखंडात ह्या विभागांची तोंडे फेस्ताच्या गर्दीतील माणसांसारखी चारी दिशांना असतात, त्यामुळे एकाचे बळ दुसरा खाऊन टाकतो. तीच तोंडे मिरवणुकीतल्याप्रमाणे एका दिशेला वळली की सर्वांचे बळ एक होते व तो तुकडा चुंबक बनतो. नरम लोखंडात ही रांग चटकन लागते आणि चटकन मोडते. पोलादात ती उशिरा लागते, पण टिकते. चुंबक फार तापवला किंवा त्यावर हातोडीचे घाव घातले तर रांग पुन्हा विस्कटते. शुद्ध लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला जुमानीत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालभडक कोयत्याला चुंबक लावून कोणी पाहिला असेल, त्याला हे ठाऊक असेल.

निसर्गात मिळणारा चुंबक म्हणजे मॅग्नेटाइट नावाचे काळे लोहखनिज. ह्याचे बारीक कण आपल्या कोकणच्या काळ्या दगडातही विखुरलेले आहेत. ह्याबाबतची एक जुनी हकीकत आपल्या प्रदेशाशी जोडलेली आहे. पुढे गोव्याचा गव्हर्नर व व्हाइसरॉय झालेला दों जुआंव द कास्त्रो हा १५३८ साली लिस्बनहून निघाला, तेव्हा वाटेत जागोजागी होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ह्याची तो नोंद ठेवीत आला. नंतर गोव्याहून दीवकडे जाताना चौलच्या बाजूला त्याला आढळले की, सुई तेथे भलतीच वागते आहे, आणि ह्याला जवळचे खडक कारण असावेत असे त्याने ताडले. चुंबकावरचा विल्यम गिल्बर्टचा गाजलेला ग्रंथ १६०० सालचा, म्हणजे ही नोंद त्याच्याही साठ वर्षे आधीची आहे. कास्त्रो १५४८ साली गोव्यातच वारला. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप आजही कोकणात चालते. मुंबईत कुलाब्याला ते १८४१ पासून होत असे, पण शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवण्यास सुरुवात झाली. तेथील मापनगृहाच्या बांधकामात लोखंडाचा खिळादेखील येऊ नये, अशी खबरदारी घेतली गेली.

आता माणसाने बनवलेल्या चुंबकांकडे वळू. प्रथम पोलादाच्या कांबींचे चुंबक होते. ते लवकर दुबळे होत, म्हणून वापरात नसताना त्यांच्या दोन टोकांवर नरम लोखंडाची पट्टी ठेवावी लागे. त्यानंतर १९३० च्या दशकात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून ॲल्निको नावाची जात निघाली. ही जात उष्णता सर्वांत चांगली सोसते, गंजतही फारशी नाही, आणि गाईला देण्याचे चुंबक पुष्कळदा ह्याचेच असतात. तिसरी जात फेराइटची, ती १९५० च्या दशकात बाजारात आली. ही धातूची नव्हेच. लोखंडाच्या गंजासारखी तांबडी भुकटी घेऊन तीत बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचा क्षार मिसळतात, साच्यात दाबतात आणि भट्टीत भाजतात. डिचोलीचा कुंभार मडके भाजतो त्याच जातीचे हे काम आहे, फक्त भट्टी हजार अंशांच्याही बरीच वर जाते. म्हणून फेराइट काळा, स्वस्त आणि ठिसूळ असतो. पडला की मडक्यासारखा फुटतो, पण मडक्याप्रमाणेच पावसापाण्याने बिघडत नाही. रेडिओच्या कर्ण्यामागचे काळे कडे असते ते ह्याचेच.

चौथी जात दुर्मिळ मृदाधातूंची. समॅरियम आणि कोबाल्टचा चुंबक १९६० च्या दशकाअखेरीस निघाला, आणि निओडिमियम, लोखंड व बोरॉन ह्यांचा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस जपान व अमेरिका ह्या दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी निघाला. निओडिमियमचा चकचकीत तुकडा करंगळीच्या नखाएवढा असला तरी किलोभर लोखंड उचलतो. परंतु त्याला दोन खोडी आहेत. साधारण ८० अंशांच्या पुढे तो दुबळा होऊ लागतो, आणि उघडा राहिला तर गंजून त्याचा भुगा होतो, म्हणून त्यावर निकेलचा मुलामा देतात. आपल्या खाऱ्या वाऱ्यात मुलाम्याला चीर पडली की तो चुंबक संपला म्हणून समजावे. शेतीच्या कामाला आम्ही तरी फेराइट किंवा ॲल्निकोच पसंत करू.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरी, पवनचक्क्या, कमी वीज खाणारे नवे पंखे, सर्वांना ह्या शेवटच्या जातीचे किंवा निदान चांगल्या फेराइटचे चुंबक लागतात. साधा छताचा पंखा ७०-७५ वॅट वीज घेतो, तर चुंबकाचा नवा पंखा तीस-पस्तीस वॅटमध्ये तितकाच वारा देतो. निओडिमियम ज्यातून मिळते ते मोनाझाइट खनिज आपल्याच देशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आहे. केरळात चवरा व तमिळनाडूत मनवलकुरिची येथे ती वाळू चुंबकाच्याच साह्याने निवडली जाते. तरीदेखील जगातील अशा चुंबकांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास माल चीनमध्ये बनतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्याकडील मोटारींच्या कारखान्यांची धावपळ उडाली. विशाखापट्टणमला समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा सरकारी कारखाना २०२३ साली सुरू झाला आहे, पण गरजेच्या मानाने तो लहान आहे. घरात माती असून भांडे शेजाऱ्याकडून आणावे लागते, तसा हा प्रकार आहे.

ह्यांखेरीज एक जात उरते ती विजेच्या चुंबकाची, आणि उद्योगधंद्यात सर्वांत मोठी कामे हीच करते. तारेतून वीज वाहू लागली की जवळची सुई हलते, हे डेन्मार्कच्या अर्स्टेड ह्यांनी १८२० साली दाखवले, आणि पाचच वर्षांनी इंग्लंडात स्टर्जन ह्यांनी नरम लोखंडाभोवती तार गुंडाळून वजन उचलून दाखवले. वीज आहे तोवर ओढ आहे, वीज गेली की ओढ गेली. भंगाराच्या आवारात क्रेनला लटकणारी मोठी थाळी ह्याच तत्त्वावर मोटारीचा सांगाडा उचलते आणि हवा तेथे सोडते.

डिचोली तालुक्यातील वाचकांना खाणीवरचा चुंबक ठाऊक असेल. खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर एक जड चुंबक टांगलेला असतो. त्याचे काम खनिज ओढण्याचे नाही. गोव्याचे खनिज मुख्यत्वे हेमाटाइट, ते साध्या चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. यंत्राच्या बकेटीचा तुटलेला दात, बोल्ट, साखळीचा दुवा असले लोखंड खनिजाबरोबर दगड फोडण्याच्या यंत्रात गेले तर यंत्र मोडते, ते वरच्यावर उचलण्यासाठी तो असतो. हेमाटाइटचे बारीक कण गाळातून वेगळे काढायचे तर अतिशय तीव्र चुंबकाची निराळी यंत्रे लागतात. तशी यंत्रे बसवली म्हणजे टाकाऊ गाळातूनही लोह मिळते. शिरगाव-मुळगावच्या शेतकऱ्यांनी खाणीचा गाळ शेतात उतरताना पाहिला आहे, त्यांना ह्या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत काम परत सुरू झाले. गाळाचे काय करणार, हा प्रश्न ग्रामसभेत विचारताना चुंबकाच्या यंत्रांचेही नाव घ्यावे, असे आम्हांला वाटते.

भाताची गिरणी, पिठाची गिरणी आणि पशुखाद्याचा कारखाना येथे धान्य आत पडते त्या तोंडाशी चुंबकाची जाळी किंवा पट्टी असते. खिळा आत गेला तर दगड किंवा रोळ बिघडतो, ठिणगी पडून पिठाची धूळ पेट घेण्याचाही धोका असतो. आपण दळायला नेतो त्या गिरणीत असा चुंबक आहे का, आणि असला तर रोज पुसतात का, हे विचारण्यास संकोच करू नये. लोखंडाच्या कणांनी भरलेला चुंबक नवे कण धरीत नाही.

पंपाच्या स्टार्टरबद्दल दोन शब्द अगत्याने सांगायचे आहेत. हिरवे बटण दाबले की आत खट् असा आवाज होतो, तो विजेच्या चुंबकाने पट्टी ओढून धरल्याचा. वीज गेली की चुंबक पट्टी सोडतो, आणि वीज परत आली तरी पंप आपोआप सुरू होत नाही. मोटारीवर भार वाढला तरी तेच होते. ही तुमच्या जिवाची व मोटारीची राखण आहे. काही जण मात्र रात्री उठायला नको म्हणून बटणात काडी खुपसतात किंवा रबर बांधून पट्टी दाबून ठेवतात. अशा वेळी तीनपैकी एक फेज गेला तर मोटार जळते. त्याहून वाईट म्हणजे, कोणी पंपात हात घालून साफ करीत असताना वीज आली तर हातच जातो. बटण टिकत नसेल तर ते चुंबकाचे गुंडाळे जळाल्याचे किंवा व्होल्टेज कमी असल्याचे लक्षण आहे. गुंडाळे बदलून घ्यावे, काडी लावू नये. गवत कापण्याच्या पेट्रोल यंत्राला बॅटरी नसूनही ठिणगी कोठून येते, असे पुष्कळ जण विचारतात. त्याच्या फिरत्या चाकात कायमचे चुंबक बसवलेले असतात, ते गुंडाळ्यासमोरून गेले की वीज तयार होते. फॅरडे ह्यांनी १८३१ साली शोधलेले तत्त्व ते हेच.

चुंबकाच्या नावाने जे विकले जाते त्याबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. जत्रेत-फेस्तात आणि आता मोबाइलवरही चुंबकाची कडी, पट्टे, गाद्या विकतात व सांधेदुखी, रक्तदाब, मधुमेह बरा होतो असे सांगतात. काळजीपूर्वक केलेल्या तुलनेत असे आढळले आहे की, खरा चुंबक बांधलेले आणि खोटा बांधलेले ह्यांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. रक्तात लोह आहे म्हणून चुंबक रक्त ओढतो, हे म्हणणे फोल आहे. रक्तातील लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते. कडे हातात घालून कोणाला बरे वाटत असेल तर घालो बापडा, पण त्या भरवशावर रक्तदाबाची गोळी सोडणे जिवावर बेतते. तसेच पाण्याच्या नळीवर चुंबक बसवला की खारे पाणी गोडे होते, असेही विक्रेते सांगत येतात. मीठ म्हणजे लोखंड नव्हे, चुंबकाने ते पाण्यातून निघत नाही. खाजनात खारे पाणी शिरले तर उपाय जुनाच आहे. मानशीची दारे दुरुस्त करावी, बांध राखावा आणि पावसाच्या पाण्याने शेत धुऊ द्यावे.

निओडिमियमचे मणी व गोट्या असलेली खेळणी घरात लहान मूल असताना आणूच नयेत. एक चुंबक गिळला तर तो कदाचित बाहेर पडेल, पण दोन गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात, मधला भाग चिमटला जाऊन सडतो व आतड्याला भोक पडते. मूल रडत नाही, ताप नाही, म्हणून उद्यावर ढकलू नये. त्याच तासाला म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळी गाठावी. छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी कर्णे, मोबाइल व शक्तिशाली चुंबक छातीपासून वीतभर तरी लांब ठेवावेत. एमआरआय तपासणीचे यंत्र म्हणजे एक प्रचंड विजेचा चुंबक असून नेहमीच्या यंत्राचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक असतो. तपासणी चालू नसतानाही तो जोर असतोच. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात रुग्णाचा एक नातेवाईक ऑक्सिजनची नळकांडी घेऊन त्या खोलीत गेला आणि यंत्राने नळकांडीसकट ओढला जाऊन मरण पावला. तेथे किल्ली, नाणे, कानातले, काही म्हणून नेऊ नये, आणि शरीरात पूर्वी धातूची पट्टी किंवा खिळा बसवला असल्यास आधी सांगावे.

आता गाईकडे वळू. शेळी ओठांनी निवडून खाते. गाय तसे करीत नाही. ती जिभेने घास ओढते, अर्धवट चावून गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. त्यामुळे वैरणीतला खिळा, तारेचा तुकडा, दाभण तिला कळतच नाही. जड वस्तू गाईच्या चार कोठ्यांपैकी जाळीदार कोठ्यात जाऊन पडते. ह्या कोठ्याची आतली बाजू मधाच्या पोळ्यासारखी असते. कोठा सारखा आकसतो व पसरतो, आणि प्रत्येक आकसण्याबरोबर टोकदार तार पुढे रुतते. पुढे पडदा, आणि पडद्यापलीकडे काही बोटांच्या अंतरावर हृदय. गाभण गाईच्या शेवटच्या महिन्यांत आणि विताना पोटावर जोर येतो, तेव्हा महिनोन् महिने स्वस्थ पडलेली तारही एकाएकी आत घुसते.

लक्षणे अशी असतात. काल चांगले दूध देणारी गाय आज एकदम अर्ध्यावर येते. वैरण टाकते, रवंथ थांबते. पाठ कमानीसारखी करून, पुढचे कोपरे अंगापासून फाकवून उभी राहते. उतारावर जायला नको म्हणते, बसता-उठता कण्हते. मानेमागे खांद्याच्या वर चिमटा घेतला तर निरोगी गाय पाठ खाली झुकवते. ही मात्र झुकवीत नाही. तार हृदयाशी पोहोचली असेल तर मानेची शीर फुगते आणि गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरून सूज येते. ह्या अवस्थेत बहुधा गाय वाचत नाही. म्हणून दूध एकदम आटले आणि गाय वाकून उभी राहिली की त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे. अपचन समजून जुलाब, काढे देत दोन-तीन दिवस घालवले तर हातची वेळ जाते. वेळीच गाठल्यास डॉक्टर तोंडावाटे चुंबक देतात, सुईचे औषध देतात, पुढचे पाय उंचावर ठेवून गाय बांधायला सांगतात आणि जरूर पडल्यास पोट उघडून तार काढतात. औषध चालू असता डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नये.

पण चुंबकाचा खरा उपयोग रोग होण्याआधी आहे. गाईला देण्याचा चुंबक बोटाएवढा, सात-आठ सेंटिमीटर लांब, गुळगुळीत व गोल टोकांचा असतो. कालवड वर्षाची झाली की किंवा फळवण्यापूर्वी तो एकदा द्यावा. आदल्या रात्रीपासून वैरण बंद ठेवून सकाळी डॉक्टरांकडून नळीने घशामागे सोडून घेतल्यास तो जाळीदार कोठ्यातच जाऊन बसतो आणि जन्मभर तेथेच राहतो. पुढे येणारी तार त्याला आडवी चिकटते, मग ती टोचत नाही. एका गाईला एकच चुंबक पुरे. विकत आणलेल्या गाईला आधी कोणी दिला आहे की नाही हे कळत नसेल, तर डाव्या कोपरामागे छातीच्या खालच्या अंगाला साधे होकायंत्र धरावे. सुई फिरली तर चुंबक आत आहे. कपाटाचा, कर्ण्याचा किंवा खेळण्यातला चुंबक मात्र गाईला कदापि देऊ नये. फुटक्या फेराइटची धार तारेइतकीच वाईट.

आपल्या गावात तार येते कोठून, तेही पाहावे. स्लॅब घालताना सळ्या बांधायची बारीक तार कापून जागच्या जागी टाकतात. नरकासुर जाळल्यावर सांगाड्याच्या तारा रस्त्याकडेला पडतात, नाताळच्या नक्षत्रांच्या आणि मांडवाच्या तारा जानेवारीत कुंपणाखाली सापडतात. जुने टायर जाळले की त्यांतून केसासारख्या पोलादी तारांचे जाळे उरते. ते सर्वांत घातक, कारण ते गवतात दिसतच नाही. गवताचे भारे सुंभाने बांधावेत, तारेने नव्हे.

घरात बिघडलेला मोठा कर्णा असेल तर त्याचे काळे कडे सोडवून घ्यावे, मजबूत दोरीने काठीला बांधावे, आणि घराचे काम किंवा कौले शेकारणे आटोपले की गुरे सोडण्याआधी अंगण, गोठा व गवताची जागा त्याने झाडून काढावी. कड्याला जुने फडके गुंडाळले म्हणजे चिकटलेल्या तारा फडक्यासकट सुटतात. तांब्याची व ॲल्युमिनियमची वायर, बिनगंजाच्या पोलादाच्या बहुतेक तारा आणि प्लास्टिकच्या पिशव्या चुंबकाला चिकटत नाहीत. त्या हातानेच वेचाव्या लागतात.